मंडपाचे पैसे वाचवा, फाटक उघडे ठेवा

सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी साठ-पासष्ट कुटुंबांची तुमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे. कमिटीने सेवाकार्यासाठी वर्षाला पंधरा हजार रुपये मंजूर केलेत. गेल्या वर्षी त्यातले बहुतेक मंडप, साउंड आणि बाहेरगावच्या वक्त्यांच्या येण्याजाण्यावर गेले. खुर्च्यांवर बसायला आले ते आपलेच लोक आणि शेजारच्या मंडळीतली चार माणसे. वस्तीतले कोणी फिरकले नाही. आता तरुण संघाने तुमच्यावर सोपवले आहे की कमी पैशात असे काही करा, ज्याला आजूबाजूची माणसे येतील. आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की लोक आपल्याकडे संशयाने बघतात, त्याचे काय करायचे.

मी नगर जिल्ह्यातली. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीचे समाजसेवेचे काम बघते. माझे उत्तर थोडे दवाखान्याच्या बाजूला झुकलेले असेल, तेवढे ध्यानात ठेवून वाचा.

पंधरा हजार कमी नाहीत. गेल्या वर्षीचा कार्यक्रम वस्तीतल्या माणसाच्या कुठल्याच गरजेला धरून नव्हता, अडले ते तिथे. संध्याकाळी कामावरून आलेल्या बाईला पाणी भरायचे असते, भाकरी टाकायच्या असतात, पोराचा अभ्यास बघायचा असतो. ती सगळे सोडून दोन तास अनोळखी माणसाचे भाषण ऐकायला का येईल? तिला चर्चचे वावडे आहे असे मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये किती हिंदू कुटुंबे जातात ते तुम्ही पाहिलेच असेल. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही तेच दिसते. माणसे येतात, पण त्यांना यायला कारण लागते, आणि आपण बोलावतो तेव्हा ते कारण आपल्या सोयीचे असते.

म्हणून "कोणता कार्यक्रम करू" याच्या आधी एक कागद घ्या आणि मंडळीकडे पैसे न मोजता काय काय आहे ते लिहून काढा. जुन्या मिशन कंपाउंडांत बहुधा हे सापडते: एक हॉल किंवा शाळेच्या खोल्या, बाकडी, सतरंज्या, मोठी पातेली, सावलीचे झाड, नळ किंवा बोअर, स्वच्छतागृह. मग माणसे लिहा. निवृत्त शिक्षक किती, नर्सबाई किती, बँकेत किंवा तहसील कार्यालयात नोकरी केलेले कोण, सुतारकाम आणि वायरिंग कोणाला येते, गाडी कोणाकडे आहे. आपल्या समाजात शिक्षक आणि परिचारिका घरटी सापडतात, आणि रविवारी भक्ती झाल्यावर त्या घरीच असतात. ज्याला बाहेर भाडे आणि मानधन मोजावे लागेल ते सगळे तुमच्याकडे पडून आहे. पंधरा हजार फक्त त्याच्या मधल्या फटी बुजवायला वापरा.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. कंपाउंड रस्त्यालगत आहे की आत? हॉल वापरायला कमिटीचा ठराव पुरतो की मालमत्ता ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्यांचे पत्र लागते? कंपाउंडच्या जागेवरून शेजाऱ्यांशी कोर्टकचेरी चालू आहे का? हे शेवटचे विचारते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मंडळ्यांना तो त्रास आहे. तसे असेल तर पहिले वर्ष कंपाउंडात काही करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात जागा मागा आणि तिथे जाऊन काम करा. वाद चालू असताना लोकांना आपल्या आवारात बोलावले की त्याचे भलतेच अर्थ निघतात.

आता माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट. ती म्हणजे अभ्यासिका.

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, टीव्ही चालू, बाहेर कोणाच्या तरी लग्नाचा डीजे. पोराने पुस्तक उघडायचे कुठे? आणि आपला हॉल सोमवार ते शनिवार कुलूप लावून ठेवलेला असतो. जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून परीक्षा संपेपर्यंत, रविवार सोडून, रोज संध्याकाळी पाच ते नऊ तो उघडा ठेवा. हिशेब मी करून देते. आठ एलईडी ट्यूब वीस वॅटच्या धरल्या तर १६० वॅट, चार पंखे धरले तर आणखी ३००. चार तासांचे दोन युनिटही होत नाहीत. महिन्याला फार तर पंचावन्न युनिट, बारा रुपये दराने धरले तरी साडेसहाशे रुपयांच्या आसपास. जानेवारीत पंखे लागतच नाहीत. गेल्या वर्षीच्या एका रात्रीच्या साउंडच्या भाड्यात तुमची तीन महिन्यांची अभ्यासिका निघेल.

पण नुसता हॉल उघडून चालत नाही. मुली येतील तरच अभ्यासिका टिकते, आणि मुली येतील की नाही हे त्यांच्या आया ठरवतात. म्हणून रोज दोन मोठी माणसे हजर हवीत, त्यातली एक बाई. एकट्या माणसावर कधीही सोपवू नका, तो कितीही भला असो. दार सताड उघडे, प्रत्येकाचे नाव, येण्याजाण्याची वेळ आणि पालकांचा नंबर वहीत. नऊला बंद म्हणजे नऊला बंद. मुलींना घ्यायला घरचे येईपर्यंत त्या बाईने तिथून हलायचे नाही. फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या आया आणि तुमच्या मंडळीतल्या बाया यांच्यात रोज पाच मिनिटे बोलणे होते. आज पाणी आले नाही, पोरीला गणित जड जाते, सासूच्या डोळ्याला दिसत नाही. तुम्ही ज्याला पोहोचणे म्हणता ते इथे घडते, आणि त्यासाठी माइक लागत नाही.

आठवड्यातून दोन दिवस गणित आणि इंग्रजीला एखादे निवृत्त सर बसले तर फारच चांगले. पण त्याचा क्लास करू नका. ज्याला अडेल त्याने विचारायचे. क्लास केला की हजेरी आली, मागे पडलेली पोरे लाजून गळतात. आणि शब्बाथशाळेची चित्रे, वचनांचे तक्ते भिंतीवर असतील तर राहू द्या. ती आपली वास्तू आहे, लपवायचे काही नाही. फक्त अभ्यासिकेच्या वेळात उपदेश, प्रार्थना, पत्रके काही नको. याबद्दल पुढे बोलते.

दुसरे, आरोग्याचे. इथे मी जरा खोलात जाणार, कारण शिबिरे कशी वाया जातात ते मी जवळून पाहिले आहे.

"सर्वरोग निदान शिबिर" या नावाचे काही करू नका. डॉक्टर येतात, दोनशे लोक रांगेत उभे राहतात, प्रत्येकाला दोन मिनिटे आणि चार गोळ्या मिळतात, फोटो निघतात. ज्याला रक्तदाब सापडला त्याला पुढच्या महिन्यात गोळ्या कोण देणार हे कोणी ठरवलेले नसते. एकच आजार धरा. मी डोळे धरते. खेड्यात मोतीबिंदू ही म्हातारपणाची रीतच समजली जाते, आणि तो दुरुस्त होणारा आजार आहे. धर्मादाय नेत्ररुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये स्वतःची गाडी, तंत्रज्ञ, तपासणीचे सामान घेऊन येतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून शस्त्रक्रियांना अनुदान मिळते. त्यांना रुग्ण गोळा करून देणारे, जागा देणारे, भरवशाचे कोणी हवे असते. तुमचा खर्च म्हणजे गावात रिक्षा फिरवून सांगणे, आलेल्या पथकाचा चहा-जेवण, आणि नंतरचे येणेजाणे.

ते "नंतरचे" हेच खरे काम आहे. तपासणीत ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली त्यातले निम्मे लोक गाडीत बसायलाच तयार नसतात, आणि त्यांची कारणे अगदी खरी असतात. आमच्याकडे एका आजीने तीन वेळा नाही म्हटले. भीती वाटत असेल म्हणून सगळे तिला धीर देत होते. शेवटी कळले की तिच्या दोन शेळ्या होत्या आणि दोन दिवस त्यांना चारापाणी करायला कोणी नव्हते. आमच्या महिला मंडळातल्या एकीने शेळ्या आपल्या दारात आणून बांधल्या, आणि आजी दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. तुमच्या यादीत प्रत्येक नावापुढे "का जात नाही" असा एक रकाना ठेवा. साखर जास्त आहे म्हणून परत पाठवलेल्यांचीही वेगळी यादी करा. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन साखर आटोक्यात आली की पुढच्या फेरीत पाठवायचे. या माणसांना सगळे विसरून जातात, आणि ती आंधळी होतात.

शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभर डोळ्यात थेंब घालावे लागतात, दिवसातून चार-सहा वेळा, वेळापत्रकाने. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ते जमत नाही. थेंब गालावर पडतो, नाहीतर बाटलीचे टोक पापणीला लागते आणि डोळा बिघडतो. महिला मंडळातल्या दोन-तीन जणींना हे शिकवून घ्या: आधी साबणाने हात धुवायचे, डोके मागे टेकवायला सांगायचे, खालची पापणी बोटाने अलगद खाली ओढायची, तिथे झालेल्या खोबणीत एकच थेंब, बाटली कशाला लागू द्यायची नाही, मग डोळा मिटून मिनिटभर शांत बसायचे. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची. दोघी-तिघींनी चार-चार घरे वाटून घेतली की झाले. महिनाभर रोज जी बाई सकाळ-संध्याकाळ घरात येऊन डोळ्यात औषध घालते, तिला त्या घरात कोणी परके समजत नाही.

आपल्या शास्त्रातला, वाटेत लुटून टाकलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला मला या कामात फार उपयोगी पडतो. त्याने जखमा बांधल्या एवढ्यावर तो थांबला नाही. जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, तिथल्या माणसाला पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असेही सांगून ठेवले. आपले अंदाजपत्रक तसे हवे. कार्यक्रमाच्या दिवसासाठी कमी, नंतरच्या दिवसांसाठी जास्त.

रक्तदान शिबिर हाही स्वस्त उपक्रम आहे, कारण परवानाधारक रक्तपेढी सगळे सामान आणि दात्यांचा अल्पोपाहारसुद्धा स्वतः आणते. तुम्हाला हवेशीर हॉल, वीज, पाणी आणि दाते द्यायचे. मे महिन्यात करा. कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात आणि नेमकी तेव्हा रक्ताची चणचण असते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन व स्त्रियांचे चार महिने झालेले हवेत. किमान किती दाते जमायला हवेत हे रक्तपेढीला आधीच विचारा, नाहीतर त्यांचाही दिवस फुकट जातो. एक गोष्ट आवर्जून सांगते: हौसेने आलेल्या कितीतरी बायका हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातात आणि हिरमुसतात. त्यांच्यासाठी बाजूला एक टेबल मांडा. आकडा लिहून चिठ्ठी द्या, लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात हे सांगा, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हेही सांगा. त्या दिवशी तुमच्याकडून रक्ताच्या पिशव्या जेवढ्या जातील, तेवढेच हे टेबलही कामाचे ठरेल.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. कंपाउंड रस्त्यावर असेल तर होळीपासून मृग लागेपर्यंत पाणपोई. दोन रांजण, ओगराळे, वर ओले फडके. अट एकच, ती रिकामी दिसता कामा नये, आणि रांजण रोज घासला गेला पाहिजे. जबाबदारी वाराप्रमाणे घरांना वाटून द्या. पेन्शनरांना वर्षातून एकदा, बहुतेकांना नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. आधार, पेन्शनचा पीपीओ नंबर, बँक खाते आणि ओटीपी यायला चालू मोबाइल एवढे लागते. तरुण संघातली दोन पोरे रविवारी दुपारी लॅपटॉप आणि फोन घेऊन बसली तर एसटीतून, साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे रांग लावतील. खर्च शून्य. फक्त दुसऱ्याचा ओटीपी आणि कागद हाताळताय, म्हणून पोरे विश्वासाची निवडा आणि कुणाच्या कागदाचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवायचा नाही असे बजावा.

तुमचे गाव पालखीच्या वाटेवर असेल तर आणखी एक. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आपल्या जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते. वाटेवरच्या मंडळींनी चहा-केळी वाटायला हरकत नाही, पण ते बाकीचेही वाटतात. बायकांना वाटेत सगळ्यात जास्त अडते ते स्वच्छतागृहावाचून. आवारातली स्वच्छतागृहे धुऊन, पाण्याच्या बादल्या भरून, कडी नीट लागते का ते बघून खुली करा आणि बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. पायांना फोड आलेल्यांसाठी कोमट पाणी, स्वच्छ पट्ट्या आणि मलम ठेवा. फोड फोडायचा नाही, साखरेच्या रुग्णाचा पाय असेल तर पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे पाठवायचे. वारकऱ्याला "माउली" म्हणायला आपल्याला काही जड जाऊ नये. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन आपल्या उपासनेत रुजवले. त्या परंपरेचा आपण अभिमान सांगतो, तर ती जिथून आली त्या माणसांचे पाय धुण्यात आपला मोठेपणाच आहे.

आता नाताळ. तुम्ही लिहिले आहे की कमिटीतल्या काहींना नाताळात मोठा स्टेज कार्यक्रमच हवा आहे. त्यांना नाही म्हणू नका, त्याच्या आधी एक रविवार मागून घ्या. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी दुपारी चांदणी बनवण्याची कार्यशाळा ठेवा, वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. एका चांदणीला सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी, अशा दोन बांधायच्या, दोन्हींची पाच टोके एकमेकांना बांधायची, आणि आत जिथे कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागी बोटभर लांबीच्या आडव्या काड्या अडकवायच्या. चांदणी फुगून उभी राहते. मुलांना तो क्षण फार आवडतो. दिवाळीचा आकाशकंदील ज्या घरात होतो तिथल्या पोरांना हे काम पाचच मिनिटांत उमगते, उलट तीच आपल्या पोरांना गाठी मारायला शिकवतात. कामट्या आदल्या दिवशी मोठ्यांनी तासून ठेवा, नाहीतर हातात कुसळे जातात. आत लावायला दिवा एलईडीचाच द्या, मेणबत्ती नको.

ती चांदणी मूल घरी नेते. कोणी ती दारावर लावेल, कोणी लावणार नाही. विचारू नका. पण मुलाला घ्यायला आईबाप फाटकाच्या आत येतात, आणि तेव्हा हातावर शंकरपाळे-चकली ठेवायची. आपला नाताळचा फराळ त्यांच्या दिवाळीच्या फराळासारखाच आहे हे पुष्कळांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. तिथेच तोंडी आमंत्रण द्या: "पंचवीसला सकाळी भक्ती आहे, संध्याकाळी भजने आहेत, यायचे असेल तर या." पेटी, तबला, टाळ आपलेच. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत आवरा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, संशयाचा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लोकांना वाटते की चर्च काही देते म्हणजे बदल्यात काही मागणार. या संशयावर भांडून, पत्रके काढून, घटनेचे कलम दाखवून काही होत नाही, जरी पंचविसाव्या कलमाने आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिलेला आहे. त्याला उत्तर एकच, काहीही न मागता वर्षानुवर्षे काम करणे. म्हणून आमच्याकडे नियम आहे: शिबिरात, अभ्यासिकेत, पाणपोईवर पत्रके नाहीत, रुग्णावर हात ठेवून प्रार्थना नाही, भक्तीला येण्यासाठी नावे लिहून घेणे नाही. आणि प्रार्थनेने आजार बरा होतो असे आरोग्य शिबिराच्या फलकावर चुकूनही लिहायचे नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होते.

हा नियम मी भीतीपोटी सांगत नाही. मी खाटेवरची माणसे पाहिली आहेत. डोळ्यावर पट्टी बांधलेला, घरापासून लांब, दुसऱ्याच्या हातून पाणी पिणारा माणूस तुम्ही जे विचाराल त्याला हो म्हणतो. त्याचा तो होकार घेणे मला अन्यायाचे वाटते. विश्वास हा मोकळ्या माणसाने मोकळेपणी ठेवायचा असतो. कोणी आपणहून विचारले, "ताई, तुम्ही हे का करता?" तर खाली मान घालू नका, सरळ सांगा की ख्रिस्ताने आम्हाला असे करायला सांगितले आहे. उपासनेचा कार्यक्रम उपासना म्हणून उघड जाहीर करा, शिबिर शिबिर म्हणून करा. दोन्हींत चोरटेपणा नको. तुमच्यातला कोणी म्हणेल की मग ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्याचे काय. त्याला मिरजेचा दवाखाना दाखवा. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्याचे नाव महाराष्ट्र आणि कर्नाटकातली माणसे आजही आदराने घेतात. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मुलींना केडगावला आणले. त्यांचा धर्म ज्यांना पटला नाही त्यांनीही त्यांचे हे काम मान्य केले.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. काहीही करण्याआधी नगरसेवक किंवा सरपंच, जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक, आशाताई आणि पोलीस ठाणे यांना पाळकसाहेबांच्या सहीचे पत्र नेऊन द्या. परवानगी लागो न लागो, द्या. उद्या कोणी अफवा उठवली तर "आम्हाला माहीत आहे, त्यांनी सांगितले होते" म्हणणारी चार माणसे गावात असावीत. आशाताईंना तर पहिल्या बैठकीलाच बोलवा. कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. शक्य असेल तर गणेश मंडळाच्या पोरांना रक्तदानात बरोबरीने घ्या, फलकावर दोघांची नावे लावा.

हे सगळे एका वर्षात करू नका. साठ कुटुंबांतून नेमाने काम करणारे हात दहा-बारा निघतात, तेच हात सगळीकडे ओढले की ऑगस्टपर्यंत थकतात. पहिल्या वर्षी तीनच: अभ्यासिका, डोळ्यांचे शिबिर, चांदण्या. आमच्याकडच्या दरांप्रमाणे अंदाज असा. अभ्यासिकेला वीज, दोन-चार नव्या ट्यूब आणि पिण्याचे पाणी मिळून साडेचार हजार. शिबिराच्या दिवसाला अडीच हजार, जेवण घरोघरून डबे आणून. शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासण्यांना येण्याजाण्याचे चार हजार, आणि याला हात लावायचा नाही. चांदण्यांना दीड हजार. उरलेले अडीच हजार कमिटीच्या खजिनदाराकडे राहू द्या, मध्येच काही निघते. पावत्या जपा आणि वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवा. पुढच्या वर्षी रक्कम वाढवून मागायची असेल तर तोच कागद कामी येतो.

पहिल्या आठवड्यात अभ्यासिकेत सातआठच मुले येतील, त्यातली निम्मी आपली. तरुण संघ लगेच म्हणेल की प्रतिसाद नाही, बंद करू. परीक्षेपर्यंत बंद करायचे नाही हे आत्ताच ठरावात लिहून घ्या. ठराव साधा असू द्या: "मंडळीचा हॉल जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून दहावी-बारावीची परीक्षा संपेपर्यंत, रविवार सोडून, रोज संध्याकाळी ५ ते ९ सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी विनामूल्य खुला राहील, रोज दोन जबाबदार व्यक्ती, त्यात एक महिला, उपस्थित राहतील, या वेळेत कोणताही धार्मिक कार्यक्रम होणार नाही." खाली पाळकसाहेबांची आणि सेक्रेटरींची सही घ्या आणि त्याची एक प्रत हॉलच्या दारावर लावा. रोजच्या दोघांची पाळी लावायला अडचण आली तर मंडळीत घरे किती, निवृत्त माणसे किती एवढे मला लिहून कळवा, मी पाळ्यांचा तक्ता करून देईन.